वर्दी

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात एका निवृत्त प्राथमिक शिक्षकाने केलेले भाषण)



आजच्या प्रसंगी मी चार शब्द बोलावेत अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा प्रथम मी संकोचलो. माझे शिक्षण मॅट्रिकचे, त्यावर अध्यापनाची पदविका. आणि सारी हयात महाड-पोलादपूरच्या डोंगरांतील शाळांतून मुलांना बाराखडी आणि पाढे शिकविण्यात गेली. विद्वत्तापूर्ण व्याख्यान देण्याचा माझा अधिकार नव्हे. परंतु आज ज्या गृहस्थांचा आपण शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला, ते माझे थोरले मावसभाऊ. त्यांच्या कामाविषयी आपल्यापैकी फार थोड्यांना माहिती असेल, आणि ते स्वतः तर त्याविषयी एक अक्षर बोलावयाचे नाहीत. तेव्हा ते मीच सांगावे, असे मनाशी ठरवून आपणांसमोर उभा आहे.

त्यांनी मला एक अट घातली आहे. भाषणात त्यांचे नाव घ्यावयाचे नाही, आणि स्मरणिकेत छापावयाचे तर मुळीच नाही. 'माझ्याबरोबर त्या खुर्चीवर आणखी कितीतरी जण बसले, त्यांची नावे कोण छापणार?' असे त्यांचे म्हणणे. वडीलकीचा मान राखून मी त्यांना येथे केवळ 'दादा' म्हणेन.

दादा १९८० साली पोलिसांच्या बिनतारी संदेश विभागात दाखल झाले आणि २०१५ साली निवृत्त झाले. या पस्तीस वर्षांपैकी बहुतेक काळ ते आपल्या जिल्ह्याबाहेर, निरनिराळ्या ठिकाणच्या नियंत्रण कक्षांत होते. काम एका वाक्यात सांगता येते. संकटात सापडलेल्या माणसाचा आवाज ऐकावयाचा, तो कोठून येतो आहे हे ओळखावयाचे, आणि जवळात जवळची मदत तिकडे धाडावयाची. पोलीस आणि आगीचा बंब यांच्या भाषेत अशा खबरीला 'वर्दी' म्हणतात. देणारा वर्दी देतो, आणि खुर्चीवरचा माणूस वर्दी घेतो. घेणाऱ्याचा चेहरा कोणी पाहत नाही. बंबावर बसून जाणारा लोकांना दिसतो, रुग्णवाहिकेतील डॉक्टर दिसतो, दरीत दोर सोडून उतरणारे तरुण दिसतात, आणि ते सर्व वंदनीयच आहेत. परंतु या सर्वांना 'अमुक ठिकाणी जा' असे सांगणारा मनुष्य एका बंद खोलीत बसलेला असतो.

वर्दीचे महत्त्व आपल्या लोकांना नवे नाही. घोडखिंडीची हकिकत आपण लहानपणापासून ऐकत आलो. छत्रपती शिवाजीमहाराज विशाळगडावर सुखरूप पोहोचल्याची खूण म्हणजे तोफांचे आवाज. ते कानी पडेपर्यंत बाजीप्रभूंनी खिंड सोडली नाही, असे परंपरा सांगते. ती तोफ म्हणजे वर्दीच होती. पुढे गावोगाव कोतवाल आणि पोलीस पाटील यांनी हे काम केले. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने तर गावातील बातमी सरकारपर्यंत पोहोचविण्याचे कर्तव्य पोलीस पाटलाच्या शिरावर कायद्यानेच ठेवले. माझ्या लहानपणी वाडीत कोणी अत्यवस्थ झाले की एक जण पायी तालुक्याला निघे. टपाल कचेरीत जाऊन ट्रंक कॉल लावावयाचा, त्यातही साधा, अर्जंट आणि लायटनिंग असे प्रकार. लायटनिंग म्हणजे वीज. पण ती वीज कधी पडेल याचा भरवसा नसे.

दूरध्वनी आला म्हणजे सर्व प्रश्न सुटले, असेही नव्हे. लंडनसारख्या शहरात १९३५ च्या नोव्हेंबरात विम्पोल स्ट्रीटवरील एका घराला आग लागली आणि पाच स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. समोर राहणाऱ्या गृहस्थाने बंब बोलाविण्यासाठी दूरध्वनी उचलला होता. परंतु एक्स्चेंजमध्ये त्याचा कॉल इतर कॉलांच्या रांगेत अडकून राहिला. त्यावर चौकशी झाली, आणि ३० जून १९३७ पासून तेथे संकटसमयासाठी ९९९ हा स्वतंत्र क्रमांक सुरू झाला. अमेरिकेत ९११ क्रमांकावरील पहिला कॉल १९६८ साली झाला. आपल्याकडे पोलिसांसाठी १०० आणि अग्निशमनासाठी १०१ हे क्रमांक आपण पाठ केले. १०८ ची रुग्णवाहिका २००५ साली आंध्र प्रदेशात सुरू झाली, आणि २६ जानेवारी २०१४ पासून ९३७ रुग्णवाहिकांसह ती महाराष्ट्रात आली. पुढे २०२१ साली सर्व प्रकारच्या मदतीसाठी ११२ हा एकच क्रमांक राज्यात कार्यान्वित झाला. तुम्ही आपल्या वाडीतून ११२ फिरविला, तर तो नवी मुंबई किंवा नागपूर येथील केंद्रात घेतला जातो, तेथून आपल्या जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे जातो, आणि तो कक्ष जवळची गाडी धाडतो.

ही झाली यंत्रणा. आता दादांनी त्या खुर्चीवर बसून काय केले, ते सांगतो.

कोणी घाबरून बोलू लागला की बहुतेक माणसे विचारतात, 'काय झाले?' दादा प्रथम विचारीत, 'कोठून बोलता?' याचे कारण त्यांनी मला एकदा समजावून सांगितले. 'अरे, काय झाले ते कळले आणि फोन तुटला, तर मी काहीच करू शकत नाही. कोठे ते कळले आणि फोन तुटला, तर निदान गाडी तरी निघते.' किती साधी गोष्ट! परंतु पस्तीस वर्षे शाळेत मुलांना प्रश्न विचारणाऱ्या माझ्यासारख्या मास्तराला ती कधी सुचली नव्हती.

त्यात आपल्या मुलखाची एक अडचण आहे. आपल्या वाड्यांची नावे एकसारखी. सुतारवाडी रोह्याकडे आहे, पोलादपुरात साखर गावाची सुतारवाडी आहे, आणि इतरत्रही सुतारवाड्या आहेत. बौद्धवाडी, मोहल्ला, कोंड, खालची आळी, वरची आळी ही तर गावोगाव. माणूस संकटात असला की तो आपल्या वाडीचे नाव सांगतो. त्याच्या मनात जगात तेवढी एकच वाडी असते. खुर्चीवरच्या माणसापुढे मात्र पन्नास वाड्या उभ्या राहतात. चुकीच्या वाडीकडे गाडी गेली म्हणजे तासाचा घोटाळा. म्हणून दादा विचारीत, 'एस.टी. कोठे थांबते? वाटेत शाळा आधी लागते की देऊळ? नदी डाव्या हाताला की उजव्या?' बोलणारा या प्रश्नांची उत्तरे देता देता थोडा सावरतही असे.

रात्रपाळीला खोटे फोन फार. कोणी मजा म्हणून करी, कोणी दारूच्या नशेत, कोणी फोन लावून नुसताच गप्प बसे. मी एकदा त्यांना म्हणालो, 'दादा, राग येत नाही?' ते म्हणाले, 'राग येतो. पण गप्प बसणारा प्रत्येक जण चेष्टाच करतो असे नाही. एखाद्या बाईला बोलता येत नसते, कारण मारणारा शेजारच्या खोलीत असतो.' म्हणून मुका फोनही ते लगेच ठेवीत नसत.

आणखी एक गोष्ट मला फार जड वाटते. वर्दी घेणाऱ्याला पुढे काय झाले हे बहुधा कधीच कळत नाही. गाडी निघाली, पोहोचली, एवढे नोंदवहीत लिहावयाचे आणि पुढचा फोन घ्यावयाचा. मूल वाचले की नाही, आगीतून म्हातारी बाहेर आली की नाही, हे विचारावयास वेळ नसतो. आम्हां शिक्षकांना निदान वर्षाअखेरीस निकाल तरी दिसतो. दादांनी पस्तीस वर्षे निकाल न पाहता काम केले. घरी आले की ते पहिला अर्धा तास कोणाशी बोलत नसत. वहिनी चहाचा कप समोर ठेवून निमूटपणे आत जात. त्या माउलीचाही या सत्कारात वाटा आहे, हे मी येथे आवर्जून सांगतो.

बंधू-भगिनींनो, आपल्या मुलखात वर्दी वेळेवर मिळाली म्हणजे काय होते, आणि न मिळाली म्हणजे काय होते, ही दोन्ही उदाहरणे आपल्या डोळ्यांदेखत घडलेली आहेत.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्री नदीवरील पूल कोसळला. ब्रिटिश अमदानीत १९२८ साली बांधलेला तो दगडी कमानींचा पूल. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एस.टी. गाड्या आणि इतर वाहने पुरात गेली. पुढे येणाऱ्या वाहनांना अंधारात काय कळणार? पुलाजवळच्या एका गॅरेजातील कामगाराच्या हे ध्यानात आले. त्याने रस्त्यावर येऊन वाहने थांबविली आणि पोलिसांना खबर दिली. दादा तेव्हा निवृत्त झाले होते. वर्तमानपत्र वाचून ते मला म्हणाले, 'याने दोन्ही गोष्टी केल्या. पुढचा धोका रोखला, आणि वर्दीही दिली. आमच्या प्रशिक्षणात याहून अधिक काय शिकविणार?'

२८ जुलै २०१८ रोजी पोलादपूरच्या आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची गाडी दरीत कोसळली. सहलीला निघालेली हसती-खेळती माणसे. त्यांतील एकटा वाचला. तो दरीतून वर आला आणि त्याने फोन करून खबर दिली, म्हणून जगाला ते कळले. मग पोलादपूर-महाबळेश्वरकडचे गिर्यारोहक दोर घेऊन उतरले. तो वर आला नसता, तर ती गाडी किती वेळ कोणाच्या ध्यानात आली नसती, हा विचारही करवत नाही.

आता दुसरी बाजू ऐका. २५ जुलै २००५ रोजी आपल्या महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. दुसऱ्या दिवशी मुंबईत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि साऱ्या देशाचे डोळे मुंबईकडे लागले. रस्ते तुटलेले, वीज नाही, दूरध्वनी मुके. दादा त्या वेळी दुसऱ्या जिल्ह्यात कामावर होते. दोन दिवस ते इतरांच्या वर्द्या घेत राहिले, आणि आपल्या मामांचे घर उभे आहे की नाही हे त्यांना कळत नव्हते. पुढे ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव डोंगराखाली गेले. त्याची पहिली खबर बाहेर आली ती सकाळच्या एस.टी.च्या चालकाकडून. तो नेहमीच्या वाटेने आला आणि जेथे गाव असावयाचे तेथे त्याला चिखल दिसला. गावातून वर्दी देण्यास कोणी उरलेच नव्हते, म्हणावयाचे.

आणि मग तळीये.

२२ जुलै २०२१. त्या दोन दिवसांत महाबळेश्वरी चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यातील बरेच पाणी सावित्रीच्या खोऱ्यात आले. महाड शहर पाण्याखाली गेले. पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथे दरडी आल्या. त्याच दिवशी दुपारनंतर तळीयेच्या कोंडाळकरवाडीवर डोंगर उतरला. आधी थोडी माती सरकली म्हणून लोक घराबाहेर पडून एकत्र जमले होते, आणि मग मोठी दरड आली, असे वाचलेल्यांनी सांगितले. ऐंशीहून अधिक माणसे गेली. मदतीची पथके तेथे पोहोचली ती दुसऱ्या दिवशी. वाटेवर दरडी, खाली महाडला पूर, वीज नाही, मोबाइलचे मनोरे बंद. जी माणसे सापडली नाहीत त्यांचा शोध अखेर नातेवाइकांच्या संमतीने थांबवावा लागला.

आता जे सांगतो, ते आजवर मी घराबाहेर कोणाला सांगितलेले नाही.

मी त्या खोऱ्यात शिकविले आहे. त्या वाड्यांतील कित्येक घरांचा उंबरठा मला ठाऊक आहे. २१ तारखेच्या संध्याकाळी माझा एक जुना विद्यार्थी फोनवर म्हणाला, 'गुरुजी, पाऊस फार आहे, वरून आवाज येतात.' मी म्हटले, 'काळजी घे, उद्या फोन करतो.' २२ ला सकाळी महाडला आमच्या आळीत पाणी शिरले. आम्ही माडीवर चढलो. फोनला थोडी धुगधुगी होती, तेव्हा मी त्याला दोनदा फोन लावला. लागला नाही. मी मनाशी म्हटले, 'नेटवर्क नसेल.' आणि मी आमचे धान्याचे डबे वर आणण्याच्या मागे लागलो. त्यानंतर माझाही फोन बंद पडला. २३ ला बातमी कळली.

तो विद्यार्थी नंतर सापडला नाही.

काही महिन्यांनी मी हे दादांना सांगितले. त्यांनी माझे समाधान केले नाही, आणि दोषही दिला नाही. ते म्हणाले, 'अरे, नेटवर्क नाही, हे उत्तर नव्हे. तीसुद्धा वर्दीच. सतत फोन येतात तेथे माणसे जिवंत आहेत, बोलत आहेत. ज्या बाजूने काल फोन येत होता आणि आज येत नाही, तिकडे आधी पाहावयाचे. आम्ही रात्री नकाशा समोर ठेवून हेच पाहत असू. कोणते ठाणे बोलले नाही? कोणत्या चौकीचा सेट गप्प आहे?'

माझ्या डोळ्यांपुढे एकदम शाळेतील हजेरीपट उभा राहिला. मास्तर नावे घेतो. चाळीस मुले 'हजर' म्हणतात, त्यांच्याकडे मास्तर मान वर करून पाहतही नाही. जो 'हजर' म्हणत नाही, त्याच्या नावापाशी पेन थांबते. तो का आला नाही? आजारी आहे? बापाने गुरांमागे धाडला? ओढ्याला पाणी आहे? मग मास्तर दुसऱ्या मुलाला विचारतो आणि संध्याकाळी त्याच्या घरावरून जातो. पस्तीस वर्षे मी हेच केले. आणि ज्या दिवशी हजेरी घेणे सर्वांत जरुरीचे होते, त्या दिवशी एका नावापुढे उत्तर आले नाही, तरी मी पुढचे पान उलटले.

माझ्या एका वर्दीने त्यांचे प्राण वाचले असते, असे मी म्हणत नाही. पुराच्या पाण्यातून आणि तुटलेल्या रस्त्यांवरून त्या दिवशी कोणाला वर जाणे सोपे नव्हते. परंतु माझी वर्दी गेली असती तर निदान एका नोंदवहीत तळीयेचे नाव थोडे आधी लिहिले गेले असते. ते मी केले नाही, एवढे खरे.

याचा अर्थ सरकारी यंत्रणेची गरज नाही असा कोणी करू नये. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण आले. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक आहे. हवामान खात्याचे इशारे आता मोबाइलवर येतात. दरडींचा धोका असलेल्या गावांच्या याद्याही झाल्या आहेत. परंतु १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरसाळवाडीवर दरड आली, आणि ती वाडी धोकादायक गावांच्या यादीत नव्हती, असे शासनानेच सांगितले. यादी करणाऱ्यांनी आपले काम केले असेल. पण डोंगर काही यादी वाचून कोसळत नाही. म्हणून यादीत नसलेल्या वाडीचीही कोणीतरी हजेरी घेतली पाहिजे. ती कोणी घ्यावी? आपल्या वाडीतील घरांची नावे ज्याला पाठ आहेत, त्याने. म्हणजे आपण.

या मंडळाची बहुतेक मंडळी मुंबईला, ठाण्याला, पुण्याला आहेत. पावसाळ्यात मुंबईकराचा जीव गावाकडे लागलेला असतो. तो फोन करतो, लागत नाही, तो हळहळतो आणि कामाला जातो. त्या हळहळीला आपण थोडी शिस्त लावावी, एवढीच माझी विनंती आहे. याविषयी दादांशी बोलून चार गोष्टी मी कागदावर उतरविल्या आहेत.

पहिली गोष्ट. प्रत्येक वाडीसाठी एक वही असावी. तीत घरांची नावे, माणसे किती, त्यांत चालता न येणारी किती, फोन क्रमांक, वाडीचे पूर्ण नाव, महसुली गाव, तालुका, एस.टी.चा थांबा, आणि मुख्य वाट बंद झाली तर दुसरी पायवाट कोणती, एवढे लिहावे. एक प्रत वाडीत, एक मुंबईत, एक मंडळाच्या कार्यालयात. धान्याच्या डब्यांसाठी मी धडपडलो, तशी कोणी या वहीसाठी धडपडावी.

दुसरी गोष्ट. अतिवृष्टीचा लाल इशारा असेल त्या दिवशी सकाळी सात आणि संध्याकाळी सहा वाजता हजेरी. प्रत्येक वाडीला मुंबईतील दोन कुटुंबे नेमून द्यावीत. दोन एवढ्यासाठी की एक विसरले तर दुसरे आठवण ठेवील. वाडीतून एकाने 'हजर' एवढेच सांगावे, गप्पा नंतर.

तिसरी गोष्ट. वाडी 'हजर' म्हणाली नाही, तर प्रथम शेजारच्या वाडीला विचारावे. तेथूनही उत्तर नसेल तर स्वस्थ बसू नये. जिल्हा नियंत्रण कक्षाला फोन करून स्पष्ट सांगावे, 'अमुक गावची अमुक वाडी, तालुका अमुक, काल संध्याकाळी सहाला बोलणे झाले, आज सकाळी सातपासून उत्तर नाही, घरे इतकी, माणसे इतकी.' बाहेरगावाहून बोलताना जिल्ह्याचे नाव प्रथम सांगावे. मी दादांना विचारले, 'नुसते नेटवर्क गेलेले निघाले आणि खुर्चीवरचा माणूस रागावला तर?' दादा हसले. म्हणाले, 'रागावू दे. दहा वेळा नेटवर्कच निघेल. अकराव्या वेळी निघाले नाही, तर?'

चौथी गोष्ट मुलांसाठी. आपल्या मुलांना आईचे नाव, बापाचे नाव आपण शिकवितो. तसाच आपला ठिकाणा खालून वर पाठ करून घ्यावा: घर, आळी, वाडी, गाव, तालुका, जिल्हा. इरसाळवाडीत त्या रात्री शाळेच्या खोलीत असलेली काही मुले वाचली, आणि खबर खाली नेण्यास धावली. उद्या वर्दी देणारा कदाचित दहा वर्षांचा मुलगा असेल. त्याला हे यावयास हवे. मी आजही सुट्टीत मुले जमली की त्यांना हा खेळ खेळावयास लावतो. एकाने 'कोठून बोलता?' म्हणावयाचे, दुसऱ्याने न अडखळता सांगावयाचे. जो अडखळेल तो बाद.

शेवटी एक गोष्ट वाडीतल्या माणसांसाठी. जमिनीला भेग पडली, झाडे कलली, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, वरून दगड सुटल्याचा आवाज आला, तर कोणाच्या हुकमाची वाट पाहू नका. उताराखाली जमून बोलत उभे राहू नका. मुले आणि म्हातारी माणसे घेऊन आधी बाजूच्या सुरक्षित जागी जा, आणि मग वर्दी द्या. सामानाचे पुढे पाहता येईल.

आपल्या ज्ञातीत डॉक्टर झाले, वकील झाले, अधिकारी झाले. त्यांचे सत्कार आपण दरवर्षी करतो, आणि ते योग्यच आहे. आज मंडळाने प्रथमच बंद खोलीत बसून दुसऱ्याचा आवाज ऐकणाऱ्या माणसाचा सत्कार केला, याबद्दल मी कार्यकारी मंडळाचे अभिनंदन करतो. आपल्या मुला-मुलींपैकी कोणी १०८ च्या किंवा ११२ च्या केंद्रात नोकरी धरली, तर 'नुसती फोन उचलण्याची नोकरी' असे म्हणून तिला कमी लेखू नका.

दादांना मी काल विचारले, 'पस्तीस वर्षांत किती वर्द्या घेतल्या असतील?' ते म्हणाले, 'मोजल्या नाहीत. मी कामावर असताना फोन वाजला आणि कोणी उचलला नाही, असे होऊ दिले नाही, एवढे मात्र सांगू शकतो.' याहून मोठे मानपत्र मला लिहिता येणार नाही.

मंडळी, पाऊस काही आपल्या संमेलनाची वाट पाहत थांबत नाही. तेव्हा भाषण संपल्यावर जेवणाच्या पंगती बसतील, त्याआधी दाराशी ठेवलेल्या वह्यांत प्रत्येक वाडीच्या एका माणसाने आपल्या वाडीचे पान उघडून घरांची नावे लिहावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर मी माझ्या हाताने तळीये हे नाव लिहून ठेवले आहे. त्याखाली कोंडाळकरवाडीतील जी घरे उरली, जेथे आज राहत आहेत, तेथली नावे त्यांच्याच माणसांनी लिहावयाची आहेत.